कागदी गोधडी आणि चौथीचे अपूर्णांक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीचा चाळीस मुलांचा वर्ग आहे. फळ्यावर पोळी काढून झाली, पिझ्झा काढून झाला, तरी निम्मी मुलं १/८ हा १/४ पेक्षा मोठा म्हणतात, कारण आठ हे चारापेक्षा मोठे. कार्यानुभवाचे आठवड्याला दोन तास हाताशी आहेत. दिवाळीच्या सुट्टीआधी उरकेल, खिशाला फार चाट बसणार नाही आणि जमल्यास प्रदर्शनातही लावता येईल असा एखादा प्रकल्प तुम्हाला हवा आहे.

कागदाची गोधडी करा. चार आठवड्यांत होते.

ही गोधडीच का, ते आधी सांगते, कारण अपूर्णांकांच्या नावावर हस्तकलेत काहीही खपतं. पाच पाकळ्यांचं कागदी फूल करायचं आणि प्रत्येक पाकळीवर १/५ लिहायचं, हा नेहमीचा प्रकार. त्यात एक पाकळी मोठी आणि दुसरी बारकी झाली तरी फूल छानच दिसतं. मुलाला काही चुकलं असं वाटतच नाही, कारण खरोखरच काही बिघडलेलं नसतं; अपूर्णांक नुसता वरून चिकटवलेला असतो. माझी कसोटी साधी आहे: अपूर्णांक चुकला की वस्तू बिघडली पाहिजे. गोधडीत तुकडा लहान पडला तर खालचा कागद दिसतो, मोठा झाला तर शेजारच्यावर चढतो. ‘चुकलं’ हे बाईंना सांगावं लागत नाही आणि मुलालाही ते बाईंकडून ऐकावं लागत नाही.

सुरुवातीला वर्गाचा अंदाज घ्या. फळ्यावर एक चौरस काढा. मधोमध एक उभी रेघ मारा आणि फक्त उजव्या अर्ध्यात मधोमध एक आडवी. तीन तुकडे झाले: एक मोठा, दोन लहान. उजवीकडचा वरचा तुकडा रंगवा आणि विचारा, चौरसाचा किती भाग रंगवला? ‘तीनातला एक’ हे उत्तर भरभरून येईल. ही मुलं तुकडे मोजतात, भाग मोजत नाहीत. रंगवलेल्या चित्रांवरून उत्तरं लिहायची सवय झाली की असं होतं, कारण त्या चित्रांत भाग आधीच सारखे करून दिलेले असतात. सारखे भाग करण्याचं काम मुलांवर कधी आलेलंच नसतं. १/८ मोठा वाटण्याचं मूळही इथेच आहे. मुलाच्या डोळ्यांपुढे फक्त आठ आणि चार हे आकडे असतात, तुकडा नसतो.

पोळीवर माझा राग नाही, पण वर्तुळ हे सुरुवातीला सोयीचं नसतं. त्याचे तीन किंवा पाच सारखे भाग नऊ वर्षांच्या मुलाला हाताने करता येत नाहीत. शिवाय सव्वा दाखवायचा झाला तर दुसरी पोळी काढावी लागते आणि दोन पोळ्यांची मिळून एक लांबी काही होत नाही. म्हणून आधी पट्ट्या, मग गोधडी.

पट्ट्या

पाठकोऱ्या ए-फोर कागदांच्या ३ सेंमी रुंद आणि बरोबर २४ सेंमी लांब पट्ट्या कापा. कागद २९.७ सेंमी लांब असतो, तेव्हा टोकाचा तुकडा कापून टाकावा लागेल. चोवीस अशासाठी की त्याचे अर्धे १२, तृतीयांश ८, पाव ६, सहावा भाग ४, आठवा ३, बारावा २, सगळे पूर्ण सेंटिमीटरमध्ये येतात आणि घडी बरोबर बसली की नाही हे मूल स्वतः मोजपट्टी लावून पाहू शकतं. हे मुलांना आधी सांगू नका.

प्रत्येकाला चार पट्ट्या. एक अख्खीच ठेवायची. दुसरीची टोकाला टोक जुळवून एक घडी, तिसरीच्या दोन घड्या. घडी नखाने दाबून घ्यायला सांगा, नुसती बोटाने दाबलेली घडी सरकते. चौथ्या पट्टीची तिसरी घडी घातली की हात वर करायला लावा आणि उलगडण्याआधी विचारा: किती भाग झाले असतील? वर्गातून ‘सहा’ असा आवाज येईल. एका घडीत दोन, दोन घड्यांत चार, म्हणून तीन घड्यांत सहा, असा त्यांचा हिशेब असतो आणि तो अगदीच वेडगळ नाही. मग उलगडू द्या. आठ भाग पाहून होणारा गलबला दोन मिनिटं चालू द्या, कारण तेवढ्यात कुणीतरी ‘दरवेळी दुप्पट होतंय’ हे म्हणून मोकळं होतं आणि पुढचं काम सोपं होतं.

आता चारही पट्ट्या एकाखाली एक. पाव भाग आणि आठवा भाग कापून शेजारी ठेवायचे. तुमचा मूळचा प्रश्न बहुतेक मुलांच्या बाबतीत इथेच सुटतो. कापायचं मात्र मुलांनीच. आदल्या रात्री घरी बसून चाळीस मुलांचे तुकडे कापून आणायचा मोह होतो, वेळ वाचतो असं वाटतं. पण तुकडे तयार मिळाले की मुलांना उरतं फक्त चिकटवणं, आणि चिकटवण्यात गणित नाही.

अंश, छेद, मधली रेघ हे सगळं या तासाला आणू नका. अर्धा, पाव, पाऊण हे शब्द त्यांना येतात, मंडईत पाव किलो मिरच्या घेताना ऐकलेले असतात. त्यापुढे ‘आठवा भाग’, ‘आठ भागांतले तीन’ असं तोंडी चालू द्या. आकड्यात लिहिणं दुसऱ्या आठवड्यात, आणि तेही तुकड्याच्या पाठीवर.

एक खोडी मात्र जरूर करा. निम्म्या गटांना २४ सेंमीची पट्टी द्या आणि निम्म्यांना १६ सेंमीची, काही न बोलता. सगळ्यांकडून अर्धा तुकडा कापून घ्या आणि टेबलावर मांडा. ‘अर्धा’ म्हणून आलेले तुकडे दोन मापांचे दिसतील आणि भांडण सुरू होईल. कोण चुकलं? कुणीच नाही. मग ८ सेंमीचा एक तुकडा उचलून विचारा: हा कितवा भाग? सोळाच्या पट्टीचा अर्धा, चोवीसच्या पट्टीचा तिसरा. ‘कशाचा?’ हा प्रश्न मुलांच्या तोंडी एकदा बसला की अपूर्णांकातल्या निम्म्या चुका जन्मालाच येत नाहीत. पुढचे चार आठवडे कुणी नुसतं ‘अर्धा’ म्हटलं की वर्गानेच ‘कशाचा?’ विचारायचं, असा नियम करून टाका. मुलांना तो फार आवडतो, बाईंना पकडायला मिळतं म्हणून.

तिसरे आणि पाचवे भाग घडीने नीट होत नाहीत. त्यासाठी एकरेघी लाँगबुक घ्या. पट्टीचं एक टोक वरच्या रेघेवर ठेवा आणि पट्टी तिरकी करत दुसरं टोक तिथून खाली चोविसाव्या रेघेवर आणा. मध्ये आठव्या आणि सोळाव्या रेघेपाशी पट्टीच्या कडेवर खुणा करा. झाले तीन सारखे भाग. वहीच्या रेघा दूर दूर असतील तर एकविसावी रेघ घ्या आणि सातव्या, चौदाव्या रेघेपाशी खुणा करा; तीनने भाग जाणारी कुठलीही संख्या चालते. पाचासाठी विसावी किंवा पंचविसावी. समांतर रेषा सारख्या अंतरावर असल्या की त्यांना छेदणाऱ्या तिरक्या रेषेचेही सारखेच तुकडे पाडतात, हा दहावीतला गुणधर्म, पण चौथीच्या मुलाला तो जादूसारखा वापरता येतो. सिद्धता सहा वर्षं थांबू शकते.

गोधडी

मुलांनी घरी गोधडी पाहिली असेल तर उत्तम. नसेल तर एखादी जुनी वर्गात आणा आणि पसरून दाखवा: जुन्या लुगड्यांचे तुकडे, वरून धावदोरा, कुठेही फट नाही. आपली गोधडी १६ सेंमी बाजूच्या चौरस पुठ्ठ्यावर, ४ सेंमीच्या सोळा चौकोनांची.

पण सोळा चौकोनांवर जाण्याआधी एक तास नुसत्या अर्ध्यावर घालवा. १६ सेंमीचा रंगीत चौरस द्या आणि सांगा, याचा अर्धा भाग कापून पुठ्ठ्यावर ठेवा, शेजाऱ्यासारखा नको. बरीच मुलं उभं किंवा आडवं कापतील, काही कोपऱ्यातून कोपऱ्यात. एखादं पायऱ्या-पायऱ्यांनी कापेल. (चौरसाच्या मध्यबिंदूतून जाणारी कुठलीही सरळ रेघ चौरस अर्धा करते, हे तुमच्या मनात असू द्या, तिरकीच रेघ मारणारं एखादं पोर निघतंच.) मग लांबट अर्धा आणि त्रिकोणी अर्धा शेजारी ठेवा. वर्ग म्हणेल, त्रिकोण मोठा आहे. दिसतोही तसाच.

ते कापूनच ठरवायचं. त्रिकोणाच्या काटकोनातल्या दोन्ही कडा १६ सेंमीच्या. त्यांतली एक तळाशी ठेवायची, उभ्या कडेवर मध्यावर म्हणजे ८ सेंमीवर खूण करायची आणि तिथून तळाला समांतर कापायचं. वरचा छोटा त्रिकोण सुटा होतो. तो अर्धा फिरवून, डोकं खाली करून उजवीकडच्या उताराला लावला की १६ बाय ८ चा आयत तयार होतो, लांबट अर्ध्यावर तंतोतंत बसणारा. एकच काप. आकार वेगळा असूनही भाग सारखा असतो हे मी शंभरदा सांगितलं असतं तरी या एका कापाची सर आली नसती.

आता खरी गोधडी. वर्गाचे चार-चार मुलांचे दहा गट. प्रत्येक मुलाला एकच सूचना: अर्धी गोधडी लाल, पाव निळी, उरलेल्यात हिरवा आणि पिवळा सारखा. म्हणजे एका मुलाला आठ लाल, चार निळे, दोन हिरवे, दोन पिवळे चौकोन. हे मुलं काढतात, फार अडत नाहीत.

अडतात ते पुढे, आणि तिथेच थांबायचं. कागद वाटू नका. तुमच्या टेबलाचं दुकान करा, त्यात १६ सेंमीचे रंगीत चौरस. प्रत्येक गटाने चौघांसाठी किती कागद लागेल ते चिठ्ठीवर लिहून आणायचं; जास्त नेला तर उरलेला परत घेणार नाही आणि कमी पडला तर पुन्हा मिळणार नाही. पहिल्या फेरीत ‘चारही रंगांचे चार-चार’ अशा चिठ्ठ्या येतील. परत पाठवा. चौघांचे मिळून बत्तीस लाल चौकोन म्हणजे दोन अख्खे कागद, सोळा निळे म्हणजे एक, आठ हिरवे म्हणजे अर्धा, आठ पिवळे म्हणजे अर्धा. एकूण चार कागद, चार गोधड्या. ‘चौघांचे पाव-पाव मिळून एक निळा’ हे एखादी मुलगी गटाला समजावत असते तेव्हा अपूर्णांकाची बेरीज आणि गुणाकार दोन्ही चाललेले असतात, नाव न घेता. या चिठ्ठ्या जपून ठेवा. कुणाला काय कळलं आहे हे चाचणीच्या पेपरपेक्षा त्यांतून जास्त कळतं. दुकानात तुम्हाला लागतील वीस लाल, दहा निळे, पाच हिरवे, पाच पिवळे चौरस, शिवाय फाटाफुटीसाठी थोडे वरकड.

कापताना पुन्हा घडी: चौरसाच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन घड्या, उलगडलं की सोळा घरं, घडीवरून कात्री. पट्टी-पेन्सिलने आखून कापलं तर दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतंच आणि सोळाव्या चौकोनापर्यंत ती चूक साठत जाते.

लवकर झालेल्यांसाठी दोन चिठ्ठ्या जवळ ठेवा. पहिली: ‘लाल हा निळ्याच्या दुप्पट, निळा हा हिरव्याच्या दुप्पट, हिरवा आणि पिवळा सारखे.’ खटाटोप करून मुलं आधीच्याच गोधडीवर पोहोचतात आणि फसवलं म्हणून ओरडतात. दुसरी: ‘अर्धी गोधडी लाल, पण एकही अख्खा चौकोन लाल नको.’ यात आठ लाल चौकोन कर्णावर कापून सोळा त्रिकोण करावे लागतात आणि प्रत्येक घरात एक बसतो. एक त्रिकोण म्हणजे गोधडीचा बत्तिसावा भाग. दिसायला हीच गोधडी सगळ्यांत देखणी होते.

तिसऱ्या हिश्शाची अडचण

सूचना द्या: अर्धी लाल, तिसरा हिस्सा निळी. सोळा चौकोनांचे अर्धे होतात, तिसरा हिस्सा होत नाही. पाच-पाच-पाच आणि एक उरतो. उरलेला एक चौकोन तीन तुकड्यांत कापणारं मूल भेटलं तर त्याला अडवू नका, ते अगदी बरोबर आहे. बाकीच्यांना विचारा, किती चौकोनांची गोधडी घेतली असती तर कापाकापी न करता दोन्ही जमलं असतं? सहा, बारा, अठरा, चोवीस अशी उत्तरं येतात. बारा घ्या, १२ बाय १६ सेंमीचा पुठ्ठा. सहा लाल, चार निळे, दोन मोकळे. मोकळा भाग सहावा. लाल आणि निळा मिळून बारातले दहा, म्हणजे सहातले पाच.

पाचवीत भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज येते तेव्हा मुलं १/२ + १/३ = २/५ असं सर्रास करतात. ज्यांनी ही गोधडी केली आहे त्यांना २४ सेंमीच्या पट्टीवर २/५ दाखवायला सांगा. ते साडेनऊ सेंटिमीटरच्या जरा पुढे येतं, आणि अर्धी पट्टीच मुळी बारा सेंटिमीटरची. अर्ध्यात भर घातली आणि अर्ध्यापेक्षा कमी झालं? एवढा प्रश्न पुरतो. समच्छेद करायचा म्हणजे दोघांना चालेल अशी गोधडी निवडायची, हे त्यांच्या हातांना आधीच ठाऊक असतं.

सामान आणि बारीकसारीक

घोटीव कागद आणि कार्डशीट अप्पा बळवंत चौकात मिळेल, पण सगळं विकत आणायची गरज नाही. जुन्या लग्नपत्रिका आणि मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे खालच्या थरासाठी उत्तम. ओळखीचा छापखाना असेल तर रंगीत कातरण फुकट मिळते. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवून दाखवलं. आपल्याला तर नुसता कागदच लागतो आहे. सुटे तुकडे ठेवायला लग्नपत्रिकेचंच पाकीट, वर मुलाचं नाव. ते केलं नाही तर दुसऱ्या तासाला निम्मे तुकडे गायब.

चिकटवणं शेवटच्या तासालाच. तुकडा एकदा चिकटला की उचलून दुसऱ्यावर ठेवून बघता येत नाही. पातळ गोंदाने घोटीव कागदाला सुरकुत्या पडतात, म्हणून गोंदाची कांडी किंवा घट्ट खळ. डावखुऱ्या मुलांकडे लक्ष ठेवा. त्यांचा काप वाकडा जातो तो कात्रीमुळे, अपूर्णांक न कळल्यामुळे नव्हे.

आणि हे काम घरी पाठवू नका. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘अपूर्णांकाचा प्रोजेक्ट’ असा निरोप गेला की सोमवारी चकचकीत लेस लावलेल्या गोधड्या येतात आणि त्या कुणी केल्या हे सगळ्यांनाच माहीत असतं.

वेळेचं गणित: पट्ट्या दोन तास, अर्ध्याचा एक, सोळा चौकोनांचे दोन, तिसऱ्या हिश्शाचा एक, चिकटवायला एक, भिंतीवर लावायला एक. आठ तास. कमी करायचंच झालं तर चिकटवणं मधल्या सुट्टीत ढकला, दुकानाचा तास काटू नका.

भिंतीवर

प्रदर्शनाचं विचारलंत. सोळा मुलांच्या गोधड्या चार बाय चार अशा जोडल्या की ६४ सेंमी बाजूची एक मोठी गोधडी होते. तुमची मुलं चाळीस, म्हणजे मोठ्या गोधड्या अडीच. हा अडीच झाकू नका, दोन अख्ख्या आणि शेजारी अर्धी अशीच लावा. मग एका छोट्या लाल चौकोनावर बोट ठेवून विचारा, हा कितवा भाग? स्वतःच्या गोधडीचा सोळावा, मोठ्या गोधडीचा दोनशे छप्पन्नावा. चौथीच्या मुलाला २५६ हा छेद लिहायला मिळाला की तो आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरतो.

पाचवीच्या वर्गासाठी याच्याच जोडीला ए-फोर कागदाची गंमत ठेवा. ए-शून्य हा कागद एक चौरस मीटरचा असतो आणि ए-फोर त्याचा सोळावा भाग. म्हणून ८० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचं एक पान पाच ग्रॅमचं. शंभर पानांचा गठ्ठा वजनकाट्यावर ठेवून खात्री करून घ्यायची, अर्धा किलो भरतो.

गोधड्यांखाली उत्तरं छापलेल्या पाट्या लावू नका. प्रश्न लिहा: ‘यात निळा किती? कशाचा?’ आणि शेजारी दोन मुलं उभी करा, येणाऱ्या पालकांना विचारायला. त्रिकोणांची गोधडी त्यांच्याजवळ ठेवा, कारण पालक बहुतेक तिथेच अडकतात.

सहामाहीच्या पेपरात मात्र चौरसाचं ते सुरुवातीचं चित्र, एक मोठा आणि दोन लहान तुकड्यांचं, पुन्हा एकदा घाला, रंगवलेला भाग बदलून. ज्यांचं उत्तर अजूनही ‘तीनातला एक’ येईल त्यांची नावं काढा. त्यांना दुसऱ्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात पट्ट्यांपासून परत सुरुवात करून द्यावी लागेल, गोधडीपासून नव्हे.